साडेतीन टनांत बसेल तेवढंच

मी बोलतेय ती नेदरलँड्सच्या फ्रिसलंड भागातल्या वर्कम गावाबाहेरच्या एका जुन्या गोठ्यातून. इथल्या गाई कधीच्याच गेल्या. आता माझ्यासारख्या गाड्या भाडं भरून इथे हिवाळा काढतात. माझ्या एका बाजूला ताडपत्रीखाली झाकलेली होडी आहे, दुसऱ्या बाजूला भिंत. मी कॅम्पर आहे, म्हणजे चाकांवरचं घर. माझ्या पोटात पलंग आहे, शेगडी आहे, जेवायचं टेबल आहे, एवढासा संडास आहे. पुढे दोन खुर्च्या आहेत. त्यातल्या उजव्या खुर्चीवर एक अकॉर्डियन बसलंय, कमरेला पट्टा लावून. गोष्ट खरी त्याची आहे. माझी त्यात आपोआप येईल.

माझा जन्म दक्षिण जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. जन्मतःच माझ्या अंगावर एक पत्रा ठोकला गेला, त्यावर साडेतीन टन असं लिहिलं होतं. माणसांच्या कपाळी काय लिहिलंय ते कुणाला दिसत नाही म्हणतात. माझ्या कपाळीचं कुणीही वाचू शकतं. माणसं, डिझेल, टाकीतलं पाणी, अंथरुणं, चमचे, सगळं मिळून माझं वजन त्या आकड्याच्या पुढे जाता कामा नये. गेलं, तर परवाना वेगळा लागतो, टोल वेगळा पडतो, वेगाची मर्यादा बदलते, आणि पोलिसांनी धरलं तर जागच्या जागी दंड होतो. मला मात्र पोटात थोडं जास्त असलं की बरं वाटायचं. पण माझं कोण ऐकतंय.

पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. त्याची पाठ धरली आणि त्याने मला विकायला काढलं. मग फ्रिसलंडहून डाउवे आणि हिस्के आले. डाउवे नुकताच निवृत्त झाला होता. आयुष्यभर त्याने कालव्यावरचा पूल उघडला आणि मिटला होता. शिडाची बोट आली की घंटा वाजवायची, फाटक लावायचं, पूल वर करायचा, आणि दोरीला बांधलेला लाकडी जोडा खाली सोडून त्यात बोटवाल्याकडून पुलाची पट्टी घ्यायची. राणीचा नातेवाईक आला असता तरी डाउवेने त्याला रांग मोडू दिली नसती. नियम म्हणजे त्याला रविवारच्या चर्चसारखे होते. त्यांचा अर्थ लावत बसायचा नसतो, फक्त जायचं असतं.

हिस्के त्याच्या अगदी उलट होती. ती माझ्यात पहिल्यांदा चढली तेव्हा कपाटं उघडून बघायच्या आधी पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "घेऊ या ही." तिच्या वडिलांचं अकॉर्डियन तिच्याकडे होतं. गावच्या लग्नांत, बोटवाल्यांच्या नाचात ती वाजवायची. त्याच्या आकारावरून ती त्याला लठ्ठोबा म्हणायची. निवृत्तीनंतर दोघांनी समुद्राकाठी राहायचं, डाउवेने मासे धरायचे आणि तिने वाजवायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. लठ्ठोबा पहिल्या प्रवासाला माझ्या पलंगाखाली बसला. त्याच्या शेजारी डाउवेने स्वतःच्या वाफ्यातल्या बटाट्यांचं पोतं ठेवलं.

"डाउवे, तिकडे बटाटे मिळत नाहीत का?" तिने विचारलं.

"मिळतात. पण ते आपले नव्हेत," तो म्हणाला, आणि विषय संपला.

सीमा आली की हिस्के त्या देशाचे नियम मोठ्याने वाचायची आणि डाउवे मान हलवायचा. ऑस्ट्रियात काचेवर टोलचं स्टिकर हवं, जर्मनीत शहरात शिरायला हिरवं. इटलीत मागे टांगलेल्या सायकलींवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी हवी, नॉर्वेत भर उन्हातही दिवे लावायचे. रस्त्यात उतरायचं तर चमकणारं जाकीट घालून. स्पेनमध्ये किनाऱ्यावर गाडी उभी करा, आत झोपा, पण बाहेर एक खुर्ची जरी मांडली तर तो तंबू ठोकल्यातला प्रकार. हिस्के म्हणायची, खुर्चीवर बसलं की गुन्हा आणि पायरीवर बसलं की पाहुणा, ही कुठली तऱ्हा. डाउवे म्हणायचा, लिहिलंय ना, मग झालं. सगळी स्टिकरं, पाट्या, जाकिटं त्याने आधीच घेऊन ठेवली होती. वजनाचं मात्र त्याच्या मनातही आलं नव्हतं.

ऑस्ट्रियातल्या डोंगराळ महामार्गावर एका तरुण पोलीस बाईने हात करून आम्हाला बाजूला घेतलं आणि मला वजनकाट्यावर उभं केलं. माझं वजन जास्त भरलं. ती काही रागावली नाही. दंड सांगितला आणि म्हणाली, वजन कमी केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डाउवेचे कान लाल झाले. जन्मात कधी कुणी त्याला नियम दाखवला नव्हता, तो दुसऱ्यांना दाखवत आला होता. आधी त्याने माझ्या टाकीतलं पाणी सोडून दिलं. तेवढ्याने भागलं नाही. मग तो पलंगाखाली वाकला. त्याच्या एका हाताला बटाट्यांचं पोतं होतं आणि दुसऱ्या हाताला लठ्ठोबाची पेटी. त्याने पेटी उचलली आणि बाहेर गवतावर ठेवली.

जवळच्या खाणावळीच्या बाईने हे दोघे परत येईपर्यंत ती सांभाळायचं कबूल केलं. डोंगर उतरल्यावर हिस्केने विचारलं, आज जेवायला काय करायचं, आणि त्याने सांगितलं बटाटे. परतीच्या वाटेवर त्यांनी पेटी उचलली, पण ती घरी गेली ती घरीच राहिली. त्या काट्याची डाउवेने धास्तीच घेतली.

त्यानंतर दर वसंतात निघायच्या आधी तो मला गावातल्या काट्यावर न्यायला लागला. पशुखाद्याच्या दुकानामागे हा काटा आहे. शेतकरी तिथे गवत आणि बीट तोलतात. दुकान सीत्सेचं. सीत्से आणि डाउवे एका बाकावर शिकलेले, त्यामुळे बोलायला दोघांनाही धरबंद नाही. निदान सीत्सेला तरी नाही. हिस्केने माझ्यातच बसायचं, कारण तिचंही वजन धरायचं असतं. दरवर्षी ती विचारायची, यंदा लठ्ठोबा बसेल का. दरवर्षी डाउवे आकडा बघायचा आणि म्हणायचा, नाही बसत. तो खोटं बोलत नव्हता. बटाटे, आवडीचं चीज, कॉफीचे डबे, पीनट बटर, मासे धरताना घालायच्या जाड, उंच बुटांची जोडी, हे सगळं आधी भरलेलं असायचं आणि मग उरेल त्यात अकॉर्डियनचा हिशेब व्हायचा.

सीत्से खिडकीतून ओरडायचा, "हिस्के, तू उतर बघू. तू उतरलीस की अकॉर्डियन बसतंय."

"उतरते की," ती म्हणायची. "मग जाऊ दे डाउवेला लठ्ठोबाबरोबर. रात्री पाय चेपून घेईल त्याच्याकडून."

तिघेही हसायचे. मीही हसले असेन. ही थट्टा इतकी वर्षं चालली की ती झाल्याशिवाय प्रवास सुरू होतोय असं वाटेना.

मग एका वर्षी हिस्के माझ्या पायऱ्या चढली आणि मला तिचं पाऊल जाणवेना. आम्हा गाड्यांना माणसं डोळ्यांनी कमी आणि वजनाने जास्त कळतात. ती खुर्चीत बसली तर माझी स्प्रिंग जेमतेम दबली. इस्पितळात तिचा सगळा हिवाळा गेला होता. डॉक्टरांनी डाउवेला सांगितलं होतं, जायचं असेल तर आत्ताच जा. त्यामुळे यंदा आम्ही लवकर निघत होतो, आणि नेहमीप्रमाणे आधी काट्यावर गेलो.

सीत्सेने आकडा वाचला. पुन्हा वाचला. सामान तर दरवर्षीचंच होतं. त्याने ती थट्टा केली नाही. खिडकीतच उभा राहून तो टोपीशी चाळा करत राहिला.

शेवटी हिस्केच बोलली. "यंदा बसतंय ना रे? मी जागा करून दिलीय."

डाउवे मला घरी घेऊन गेला आणि पेटी घेऊन आला. ती पलंगाखाली गेली तेव्हा बटाट्यांचं पोतं तिथेच होतं. नियमात राहून दोन्ही एका वेळी नेता येतील असं ते पहिलंच वर्ष होतं.

आम्ही स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर पोचलो. समोर समुद्र होता. खुर्ची बाहेर मांडायची नाही, म्हणून डाउवेने माझं दार सताड उघडलं आणि तिची पुढची खुर्ची वळवून दाराकडे तोंड करून दिली. मग त्याने लठ्ठोबाला तिच्या मांडीवर ठेवून पट्टे तिच्या खांद्यांवर चढवले. तिची बोटं सुरांच्या पट्ट्यांवर बरोबर जागी गेली. पण भाता काही उघडेना. तिने दोनदा जोर केला, तिच्या हातात तेवढं बळच उरलं नव्हतं. मला वाईट वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. इतकी वर्षं माझ्या पोटात जागा होती, आड येत होता तो फक्त पत्र्यावरचा आकडा.

डाउवे तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने भात्याची एक बाजू धरली आणि ओढायला लागला.

"हळू," ती म्हणाली. "हा पूल नाहीये."

त्याने हळू ओढला. ती बोटं दाबत राहिली, तो भाता मागेपुढे करत राहिला, आणि बोटवाल्यांच्या नाचातली एक धून अडखळत, लंगडत माझ्या पोटात वाजली. मध्येच त्याची लय चुकायची आणि ती थांबून वाट बघायची. दारावरून चाललेलं एक स्पॅनिश जोडपं जरा उभं राहिलं आणि पुढे गेलं. धून पुरी झाली नाही. तिने बोटं उचलली.

"थोडे बटाटे कमी घेतले असते तर चाललं असतं, डाउवे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

तो म्हणाला, "हो." बराच वेळ त्याने भात्याची बाजू सोडली नाही.

शरद ऋतूत हिस्के वारली, घरीच. तिला न्यायला मी नव्हते, दुसरी गाडी आली होती.

पुढच्या वसंतात डाउवेला पंचाहत्तर वर्षं पुरी झाली. आमच्याकडे त्या वयात परवान्यासाठी डॉक्टरकडून तपासून घ्यावं लागतं. त्यांची मुलगी निंके म्हणत होती, बाबा, पुरे आता, विकून टाका ती गाडी. तो तपासणीला गेला आणि पास होऊन आला. त्याने माझ्या टाकीत पाणी भरलं, डिझेल भरलं, जाकिटं आणि गाडी बंद पडली तर रस्त्यावर ठेवायचा धोक्याचा त्रिकोण जागेवर आहेत ते पाहिलं. बटाटे घेतले नाहीत. चीज घेतलं नाही. अकॉर्डियन उजव्या खुर्चीवर ठेवलं, पट्टा लावला, आणि मला काट्यावर नेलं.

सीत्सेने खिडकीतून आधी सवयीने उजव्या खुर्चीकडे पाहिलं. मग आकड्याकडे पाहिलं.

"बसतंय, डाउवे," तो म्हणाला. "खूप जागा उरलीय."

"मला दिसतंय," डाउवे म्हणाला.

मागे गवताने भरलेली गाडी घेऊन एक शेतकरी उभा होता. त्याने भोंगा वाजवला नाही. डाउवे इंजिन बंद करून काट्यावर बसून राहिला. मग त्याने सीत्सेला विचारलं, दुकानामागून गाडी वळवता येईल का. सीत्सेने हाताने वाट दाखवली. डावीकडे दक्षिणेचा रस्ता होता, आम्ही उजवीकडे वळलो आणि या गोठ्यात आलो.

तेव्हापासून मी इथेच आहे. एका जागी उभी राहून माझी चाकं खालून चपटी झाली आहेत. पडद्यांना ओल आली आहे. डाउवे शनिवारी सायकलवरून येतो. दारात जोडे काढतो, तिच्या खुर्चीवरून अकॉर्डियन उचलून मांडीवर घेतो. त्याला वाजवता येत नाही. कातडं वाळून फाटू नये म्हणून तो नुसता भाता उघडतो आणि मिटतो, आता अगदी हळू. सूर निघत नाही, नुसती हवा आत जाते आणि बाहेर येते. तो आवाज माझ्या पोटात ऐकू येतो, तोवर माझ्यात कुणीतरी राहतंय असं मला वाटतं. मग तो पट्टा पुन्हा लावतो आणि जातो.

निंके म्हणते, वर्ष संपायच्या आत गिऱ्हाईक बघायचं. तिचंही बरोबर आहे. तेव्हा उद्या जो कोणी मला घेऊन जाईल त्याला माझं एवढंच सांगणं आहे. स्टिकर लावा, जाकिटं ठेवा, स्पेनमध्ये खुर्ची बाहेर मांडू नका. काट्यावरही न्या, मी काही म्हणणार नाही. पण सामान भरायच्या आधी शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला विचारा, तुला काय घ्यायचंय, आणि ते सगळ्यात आधी आत ठेवा. बटाटे वाटेत कुठेही मिळतात.