कोमट मूठ

पुष्पावतीबाईंनी डोळे उघडण्याआधीच शेजारच्या उशीवर हात फिरवला. होता. हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आजही तिथेच होता. पातं गार, मूठ मात्र कोमट, नुकतीच कुणीतरी सोडल्यासारखी.

रंगनाथरावांना जाऊन एकवीस दिवस झाले होते. आणि स्क्रू ड्रायव्हर असा उशीवर सापडायची ही चौथी सकाळ.

"संस्कृती, काल हा हत्यारांच्या पेटीत घालून कुलूप लावलं होतंस ना?"

चहा घेऊन आलेली नात दारातच थबकली. "किल्ली माझ्याकडेच आहे, आजी. हे बघ. देवाशप्पथ, मी हातसुद्धा लावलेला नाही."

रंगनाथराव पस्तीस वर्षं साखर कारखान्यात इंजिनिअर होते. मशीनचं दुखणं त्यांना कानाने कळायचं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. "तीन दिवस टिकेल," म्हणायचे, आणि मेलं ते टिकायचंही तीनच दिवस! दुरुस्ती झाली की चहालाही न थांबता निघायचे. घरी मिक्सर, पाण्याची मोटार, एकदा तर भर लग्नात व्याह्यांची नवी मोटरसायकल, काही म्हणून सोडलं नाही.

शेवटच्या आठवड्यात त्यांची वाचा गेली, तेव्हा त्यांनी तेच टोक बायकोच्या छातीला लावलं होतं.

"अहो, मी बाई आहे, तुमचं मशीन नव्हे!" म्हणत तिने ते काढून घेतलं होतं. घरचे आधी हसले, मग रडले.

पुष्पावतीबाईंनी कपाटातून जांभळी इरकल काढली. तेवढ्यानेही धाप लागली. अलीकडे लागायचीच. त्यांना त्याचंही बरंच वाटायचं.

"मला हीच नेसव. न्यायला आलेत ते."

"आजी, गप्प बस!" संस्कृतीला रडू फुटलं. "आजोबा गेले, आता तूही? मी काय करू मग?"

"वेडी का काय! पंचावन्न वर्षांचा संसार. तिकडे एकट्याला करमणार आहे का त्यांना?"

दुपारी कारखान्यातला जुना फिटर कारभारी पेरूंची पिशवी घेऊन भेटायला आला. संस्कृतीने त्याला सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही. पिशवी हातातच राहिली त्याच्या.

"वैनी, साहेब उगाच हातात घेत न्हवते ह्यो. आवाज बिघडला म्हंजीच घ्यायचे."

"म्हणजे?"

"साहेबांनी कुठं लावला हुता? तितंच लाव, पोरी." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

संस्कृतीने आजीच्या छातीवर, पदरावरूनच, टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावली. धप. धप. मग काहीच नाही. तिने श्वास रोखला. अजूनही काही नाही. मग दोन ठोके एकदम, धडपडत आल्यासारखे.

"कारभारी काका, मधेच थांबतंय!"

"गाडी काढ," तो भिंतीकडे बघतच म्हणाला.

नगरच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पुष्पावतीबाईंना पेसमेकर बसवला. आणखी दोन दिवस गेले असते तर, एवढं म्हणून ते थांबले.

राहुरीला घरी परतताना पुष्पावतीबाई गाडीत छातीवरच्या पट्टीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, न्यायला आलेत. ते तर येऊ नको म्हणत होते गं." आणि इतक्या दिवसांत रडल्या नव्हत्या तेवढ्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उशीवर हात फिरवला. उशी रिकामी होती. त्यांनी किल्ली मागून घेतली आणि स्वतः पेटी उघडली. स्क्रू ड्रायव्हर जागच्या जागी होता. मूठ गार. दोन्ही तळव्यांत धरून त्या खूप वेळ बसल्या, तरी ती गारच राहिली.

संस्कृती चहा घेऊन आली, तेव्हा आजी रिकाम्या उशीला रागे भरत होती.

"झालं ना काम? निघालात! निदान आज तरी चहाला थांबायचं होतं."