कुंपणाला टेकलेला साल्व्हिया

शेजारच्या घड्याळजींनी माझी रोपं ढापली, हे मला वसंतातल्या एका सकाळी दात घासताना कळलं. तारेच्या कुंपणालगत त्यांच्या वाफ्यात निळेजांभळे तुरेच तुरे, आणि टेकूच्या काठ्यांना माझ्याच पिवळ्या चिंध्या. मी पडदे शिवते. उरलेल्या कापडाच्या त्या चिंध्या मी हातांनी बांधल्या होत्या. थंडीत साल्व्हियाची ती रोपं पार वाळली, तेव्हा मेली समजून मी काठ्यांसकट उपटून फाटकाबाहेर फेकून दिली होती.

मला संताप यायला हवा होता. मी हरखले. कारण हा माणूस मला आवडतो. मी पन्नाशीला आले, गल्लीत माझ्या तोंडाला कोणी लागत नाही, पण त्यांच्यासमोर 'आज ऊन छान आहे' याच्यापुढे माझी गाडी सरकत नाही. तीन वर्षं आमचं नुसतं ऊन छान आहे. भांडायला मात्र मला शब्द कमी पडत नाहीत, आणि आता कारण आयतंच चालून आलं होतं.

मी आरशापुढे उभी राहिले.

"वन्सं," वहिनी दारातून म्हणाली, "भांडायला जाताना केस कोण विंचरतं?"

मी तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

घड्याळजी वाफ्याशी उकिडवे बसले होते. "माझी रोपं," मी कुंपणाशी जाऊन म्हटलं.

"तुमचीच," ते म्हणाले. "वरून वाळली होती, मुळं जिवंत होती. थंडीत ती झोपतात. थोडी वाट बघायची असते."

झालं, भांडणाची हवाच गेली. आता 'ऊन छान आहे' तोंडात यायच्या आत मी घाईघाईने म्हटलं, "पण फुलं तर सगळी माझ्या अंगणात झुकलीत."

"ऊन तुमच्या बाजूने येतं. ती उन्हाकडे वळतात. मला इकडून नुसती पाठ दिसते."

"मग एवढी राबून कुंपणाला कशाला लावलीत? मधोमध लावायची. वळणार हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," ते मातीकडे बघत म्हणाले. "म्हणून तर इथे लावली."

मधमाश्या तुऱ्यातुऱ्यावरून घोंघावत होत्या आणि मला उगाच हसू येत होतं, ते काही केल्या आवरेना. त्यांचे कान लाल झाले होते. अखेर मीच म्हटलं, "इकडे या ना. फुलं तरी बघा."

ते खुरपं हातात घेऊनच निघाले, फाटकापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मग ते तिथेच ठेवून आत आले.

"मिळाली का रोपं परत?" वहिनीने खिडकीतून विचारलं.

"फुलावर आलेलं रोप हलवू नये," मी म्हटलं. "हलवायचंच असेल तर मला पलीकडे हलवा."