मेंदू बाजूला सारणारी पट्टी

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. वीतभर लांब, बोटभर रुंद, वाकवाल तशी वाकणारी. ऑकलंडच्या एका इस्पितळात ऑपरेशन चालू असताना मेंदू बाजूला सारून धरायचा, हे माझं काम. मित्रांनो, एकतीस वर्षं हेच करते आहे. आता अगदी दमले आहे.

नवी होते तेव्हा कौतुक व्हायचं. माझ्यामुळे खोलवरचं दिसायचं ना! पण जिथे मी दाबून धरायचे, तिथे कधी कधी कायमची इजा व्हायची. एका मास्तरांची गाठ छान निघाली, पण लेकीचं नाव त्यांना पुन्हा घेता आलं नाही. दोष गाठीला गेला. मला खरं काय ते माहीत होतं.

मग लोसालिने ताउफा आली. मांगेरे उपनगरात टोंगा बेटांवरून आलेल्या लोकांचं चर्च आहे, तिथल्या गाणाऱ्यांची ती म्होरकी. तिच्या मेंदूत डावीकडे, खूप खोल, रक्तवाहिन्यांची गाठ होती. दोनदा रक्त सुटलं होतं. मोठ्या सर्जन नायरीबाईंना तिने बजावलं होतं, "जीव वाचवा, पण वाचा नेऊ नका."

गाठीपर्यंत जायची वाट ठरवायच्या बैठकीला बाई मलाही घेऊन गेल्या. तरुण डॉक्टर हेमिश म्हणाला, "डावीकडून सरळ. साडेचार सेंटीमीटर. सगळ्यांत जवळ."

बाईंनी मला त्याच्या हातात दिलं. "धर. दोन तास हिने दाबायचंय. काय दाबशील?"

हेमिश स्कॅनकडे बघत राहिला. "बोलण्याची जागा," तो हळूच म्हणाला.

"अंतर मोजलंस बाबा, वाटेत कोण राहतं ते विचारलं नाहीस. वरून, मेंदूच्या दोन अर्ध्यांच्या मधल्या फटीतून जाऊ. तिला डाव्या कुशीवर निजवू. डावा अर्धा आपल्याच वजनाने खाली सरकेल."

"पण ती वाट सात सेंटीमीटर आहे. वर शिरा आहेत."

"आहेत. म्हणून सावकाश जाऊ."

ऑपरेशन सहा तास चाललं. मी वाफेत स्वच्छ होऊन तबकात पडून होते. प्रत्येक वेळी बाईंचा हात थांबला की वाटे, आता मला मागतील. कुणी मागितलं नाही.

नर्स हत्यारं मोजत होती तेव्हा लोसालिनेने डोळे उघडले.

"मी कोण, सांग बघू?" बाईंनी विचारलं.

ओठ हलले, शब्द येईना. हेमिश जवळ येऊन वाकला.

"नायरी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "घसा सुकलाय गं बाई. आधी पाणी दे, मग परीक्षा घे."

मित्रांनो, इतर वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, वापरा, विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी सर्जन झालात, तर माझ्यावाचून जाता येईल अशी वाट आधी शोधा. थोडी लांबची असली तरी चालेल.