जोतीराम मिस्त्रीचा कान

आमच्या मालकाला, म्हंजी माझ्या नवऱ्याला, राग आला की हातातला पाना आधी खाली आपटतो आन् मग तोंड सुटतं. त्या दिवशी पाना आपटला तवा मी फुडल्या खोलीत फिल्टरचे खोके लावत व्हते. स्पेअर पार्टचं दुकान माझं आन् मागचं गॅरेज त्यांचं. निमगाव केतकीच्या रस्त्याला आमचं एवढंच राज्य.

"तात्या, गेल्या हप्त्यात तुमीच इंजिनाची टॅपेट बांधून दिली, तरी टकटक हायच," धम्मदीप सांगत व्हता. डाळिंबाची कॅरेटं भरून बारामतीला पिकअप घेऊन जातो तो. गरीब स्वभावाचा, आवाज चढवून कधी बोलायचा न्हाय. "चढाला तर लईच वाजती."

"गाडीत आवाज न्हाय! तुझ्या डोक्यात हाय!"

आता काय म्हनावं या मानसाला! बॉनेट वर व्हतं, इंजिन चालू व्हतं आन् मला पार काउंटरपाशी ऐकू येत व्हतं, टक टक टक टक, शिवनयंत्र चालल्यावानी. आमचे हे मातूर लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून, मूठ कानाला लावून, डोळं मिटून हुबे. "बरोबर हाय," म्हनले.

मी हातातला खोका तसाच खाली ठेवला. कारन हे आजचं न्हवतं. खिशात मोबाइल वाजतोय आन् हे आपले निवांत चहा पित्यात. मी वराडले की म्हनायचं, मोबाइल बिघडलाय. एकदा म्हनलं, बारामतीला कानाच्या डॉक्टरला दाखवू, तर जेवत्या ताटावरनं उठले. इंदापूर-भिगवणकडनं गाड्या येत्यात त्या ह्याच कानासाठी. जोतीराम मिस्त्री कान लावतो आन् इंजिन न खोलता दुखनं सांगतो, हे नाव हाय त्यांचं. त्यो कानच गेला असं कळलं, तर हितं गाडी कोन आनील? ह्या वयात ह्या मानसानं दुसरं करायचं तरी काय?

"राहू द्या तात्या. मी बारामतीला दाखवतो," धम्मदीप बॉनेटला हात घालत म्हनला.

तिकडं गेला की घटकाभरात दुखनं सापडनार आन् तालुकाभर बोभाटा होनार. माझं डोस्कं सनकलं. मी तरातरा मागं गेले.

"थांब रं धम्मदीप. गाडी चालूच ठेव."

मालकाचा हात वडला आन् त्यांच्या तळव्यावर बोट आपटाया लागले. टक टक टक टक. ते हात सोडवाया बघत व्हते. "काय गं येड्यावानी?" मी सोडलाच न्हाय. धम्मदीपला म्हनलं, जरा रेस दे. आवाज जलद झाला, तसं माझं बोटबी जलद झालं. रेस सोडली, बोट सावकाश झालं.

त्यांनी आधी बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंडच उतरलं त्यांचं.

"एवढा येतोय?"

"येतोय वो."

वाटलं, आता आभाळ फाटनार. पन त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढं धरला. "ऐक. कुठनं येतोय सांग."

गिऱ्हाइकापुढं मला मेल्याहून मेल्यावानी झालं. पदर खोचला आन् लावला कान. टॅपेटच्या झाकनावर नुसती एकसारखी घरघर. "हितं न्हाय."

"मंग टॅपेट बरोबर हायती. डिझेलच्या नोजलवर टेकव."

"हितंबी न्हाय."

वाकून दुसऱ्या अंगाला गेले, तर स्क्रू-ड्रायव्हर न लावताच आवाज कानात घुसला. "अवं, हितं टकच्या मागनं फुस येतंय!"

"फुस?" मानूस एकदम जागा झाला. जिथं सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जोडतो, तिथं त्यांनी जरा अंतरावर तळवा धरला. गरम फुंकर लागली असनार, मानच हालवली. बॅटरी मारून बघितलं तर जोडाला काळी काजळी. "पॅकिंग फुटलीय. धूर निसटतोय, त्याची टकटक. टॅपेटवानीच वाजती, भल्याभल्याला फसवती." मग मान खाली घालून म्हनले, "मला तर ऐकूच आली न्हाय, धम्मदीप."

"काकींनी ऐकली न्हवं? झालं की मग," धम्मदीप म्हनला. लई चांगल्या मनानं म्हनला. तरी मला वाटलं, त्याला हात जोडावं आन् सांगावं, बाबा, कुठं बोलू नकोस. पन मी फुडं जाऊन दुकानातनं नवी पॅकिंग काढून आनली.

इंजिन गार झाल्यावर त्यांनी पॅकिंग बदलली. नट आवळताना हात कुठं चुकला न्हाय. गाडी चालू केली आन् त्यांनी इंजिनाकडं बघितलंच न्हाय, माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायले.

"गेला?"

"गेला."

धम्मदीप गेला तवा दिवस मावळला व्हता. आमी पायरीवर बसलो.

"आता काय काय ऐकू येतंय गं तुला?" त्यांनीच इचारलं.

"काय यायचंय? रस्त्यानं ट्रॅक्टर चाललाय. विहिरीवरची मोटर चालू हाय. आन् हे उसातलं रातकिडं, कान किटवलं मेल्यांनी."

ते गर्रकन वळले. "रातकिडं हायत?"

"हायत म्हंजी? रोजच असत्यात की."

त्यांनी कानामागं हात धरून उसाकडं तोंड केलं. "मला वाटलं," म्हनले, "औषधं मारून मारून मेलं समदं."