अनवाणी ट्रायल

"आधी मला फिरवून आण," नवनाथ म्हणाला. "मंग बघू खोक्यात काय हाय ते."

सोनालीने काउंटरवर ठेवलेला खोका तसाच राहिला. घाटात ब्रेकचं पेडल खाली जायला लागलं म्हणून महिनाभर व्हिडिओ बघून तिने तो मोबाइलवरून मागवला होता. आत भोकं पाडलेल्या दोन चकचकीत डिस्क होत्या आणि लाल डबीत पॅड. डबीवर शर्यतीच्या गाडीचं चित्र. पोशीरच्या जगदीश भोईरांची ही मुलगी खालापूरला एका कंपनीत मालाची तपासणी करते आणि रोज कर्जतमार्गे स्वतःची गाडी घेऊन येते. गाडी तशी छोटीच, पण चालवणारी छोटी नव्हे.

"काका, वडिलांनी तुमाला सांगितलं असेल, पोरगी रॅश चालवते म्हणून," ती चावी फिरवत म्हणाली. "मी रॅश नाय चालवत. मी फास्ट चालवते."

"ते तुझा पाय बघून सांगतो," नवनाथ म्हणाला आणि बाजूच्या सीटवर बसला.

कुंभिवलीला हायवेच्या कडेला नवनाथ ठोंबरेचं गॅरेज आहे. इंजिनाचं काम तो घेत नाही, एसीचं घेत नाही, हॉर्नसुद्धा दुरुस्त करून देत नाही. फक्त ब्रेक, गेली तीस वर्षं. काम झालं की चप्पल बाहेर काढून, अनवाणी, स्वतः ट्रायल मारायची ही त्याची पद्धत. पेडलखाली काय चाललं आहे, कुठे हवा अडकली आहे, कुठली डिस्क केसभर वाकडी फिरते आहे, हे त्याच्या तळव्याला कळतं असं खोपोलीपासून कर्जतपर्यंतचे ड्रायव्हर सांगतात. नवनाथने पाय ठेवला ना, मग बिनधास्त जा, असं ते एकमेकांना सांगतात. माणसाने नाव कशात कमवावं याला काही नियम नाही. याने ते तळपायात कमावलं होतं.

आणि त्या तळपायाला गेले चार महिने काही कळत नव्हतं.

श्रावणात एकदा शेतावरून आला तेव्हा त्याची बायको पारू ओरडली होती. टाचेत बाभळीचा काटा, चांगला बोटभर, आणि हा निवांत चहा पीत बसलेला. काटा तिनेच उपटला. "लहान हाय, म्हणून कळला नाय," असं तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तिला न सांगता कर्जतला डॉक्टरकडे जाऊन आला. साखर निघाली. पायाच्या नसा गेल्यात, अनवाणी फिरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. गोळ्या त्याने हत्यारांच्या कपाटात ठेवल्या आणि ट्रायल अनवाणीच मारत राहिला. लोकांना काय सांगणार? की आता पाय नाही, फक्त पान्हे उरलेत? तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नसे. पान्हा उचलायचा, ठेवायचा, पुन्हा तोच उचलायचा. जेवताना मध्येच उठून गेटपर्यंत जाऊन यायचा. पारू बघत असे आणि काही बोलत नसे.

सोनालीने गाडी कंपन्यांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर घातली. वळण अगदी जवळ येईपर्यंत ती ब्रेकला शिवत नव्हती, आणि मग एकदम, पण सरळ आणि नेमका दाबत होती. नवनाथला बरं वाटलं. असा पाय हल्ली बघायला मिळत नाही.

"चालवतीस चांगली," तो म्हणाला. "पण ती भोकाची डिस्क कशाला?"

"थंड राहते म्हणे."

"राहते ना. पण भोकापासनं चीर जाते. तू रोज तापवणार, रोज निववणार. साधी घे, भरीव, चांगल्या लोखंडाची."

"आणि पॅड? त्या पॅडला सगळ्यांनी पाचपैकी पाच दिलेत."

"ते तापल्यावर पकडतात. सकाळी पोशीरातनं निघालीस, पहिल्याच वळणाला म्हस आडवी. तिला काय सांगशील, बाई, जरा थांब, पॅड तापू दे?"

सोनाली खळखळून हसली. "मग काय घालू?"

"रस्त्यावरचेच, पण वरच्या दर्जाचे. थंड असताना पकडतील आणि घाटात लागोपाठ दाबलेस तरी दमायचे नाय. ब्रेक ऑइल कधी बदललंस?"

"गाडी घेतल्यापासून नाय. चार वर्षं झाली."

"चार वर्षं! मंग पेडल खाली जातंय ते त्यानं. आणि तू पॅडच्या नावानं बोंबलतीस."

"बरं, तुमी म्हणाल ते. पण आजच पाहिजे हां, काका. उद्या सुट्टी हाय. सकाळी बोरघाट चढून लोणावळा, चहा, आणि परत खाली. उतारावर मला ब्रेकचा विचार करायचा नाय."

परत आल्यावर पारूने काउंटरमागून भरीव डिस्क आणि पॅड काढून दिले. सुट्या भागांचं दुकान तीच बघते. माल आणायला व्हॅन घेऊन खोपोलीला जाते, गॅरेजमधल्या गाड्या पुढेमागे करते. दरवेळी ती डिस्कबरोबर पॉलिश पेपरचे तुकडेही मोजून ठेवते, चाकागणिक एक. डिस्क जिथे बसते त्या हबवर गंज चढलेला असतो. तो घासून काढला नाही तर कोरी डिस्कसुद्धा तिरकी बसते आणि पेडल हादरायला लागतं.

नवनाथने डाव्या चाकाचा हब घासला. उजवं चाक काढलं आणि त्याला पुढची ट्रायल आठवली. तो उठून पाणी प्यायला, गेटपर्यंत गेला, एका ट्रकवाल्याशी उगाच बोलला आणि परत येऊन त्याने डिस्क चढवली. उजवा हब घासायचा राहून गेला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि झालेलं त्याला कळलंही नाही.

मग ऑइल बदललं, हवा काढली, आणि चप्पल काढून तो गाडीत बसला. सोनाली बाजूला. नवीन पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून साठवरून दहावर यायचं, पुन्हा साठ, पुन्हा दहा, असं दहा वेळा करायचं असतं. तळपायाखाली पेडल होतं की लाकूड, त्याला समजत नव्हतं. तो वेगाच्या काट्याकडे बघून ब्रेक तपासत होता. काटा खाली येतो आहे, म्हणजे ब्रेक लागतो आहे. चार महिने हेच चाललं होतं.

"मस्त," तो म्हणाला. "आता तू बघ."

सोनालीने गॅरेजपर्यंत गाडी आणली. दोनदा ब्रेक दाबला, मग तिसऱ्यांदा. "काका, पेडल मला ढकलतंय. बारीक, टकटक टकटक."

नवनाथची कानशिलं तापली. "नवीन हाय," तो म्हणाला. "बसंल दोन दिवसांत."

"तुमच्या पायाला नाय ना लागलं?"

"नाय."

"मग माझंच कायतरी असंल," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

तिचं ते वाक्य त्याला नको तिथे लागलं. तिने स्वतःच्या पायावर अविश्वास दाखवला होता, तोही त्याच्या मेलेल्या पायाच्या भरवशावर. तो गॅरेजभर फिरत राहिला. जॅक उचलला, ठेवला. पारू चाकाजवळची खोकी गोळा करायला आली आणि तिथेच थांबली.

"अवो, ह्यो पॉलिश पेपर कोराच हाय की."

त्याने तो तुकडा हातात घेतला. खरंच कोरा होता. म्हणजे पोरीचा पाय खरं बोलत होता.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना ती फोन घेत नाही हे तिनेच अभिमानाने सांगितलं होतं. चौथ्या वेळी तिने उचलला.

"काय झालं, काका? पळसदरीच्या अलीकडे थांबलीय. रस्त्यावर भात वाळत घातलंय, एकच बाजू मोकळी हाय."

"तिथंच थांब. गाडी हलवू नको. मी येतो." आणि फोन ठेवून तो म्हणाला, "पारू, व्हॅन काढ."

व्हॅनने खोपोली ओलांडली. मग तो समोर बघतच बोलला. "माझ्या पायाला कळत नाय गं. साखर हाय."

"ठावं हाय," पारू म्हणाली.

"कधीपास्नं?"

"बोटभर काटा टाचेत घेऊन च्या पीत बसलात तवापास्नं. गोळ्याबी बघितल्या."

"मंग बोलली का नाय?"

"तुमी बोलाल म्हणून." ती एका टेंपोला वाट देऊन म्हणाली, "लय वाट बघायला लावलीत."

त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याचे हात मांडीवर गप्प पडून होते. पण मन काही गप्प बसेना. या चार महिन्यांत किती गाड्या गेल्या? कोंडाण्याच्या नामाची जीप, शाळेच्या दोन बस, दुधाचा टेंपो.

"सगळ्यांना फोन कर," तो म्हणाला. "परत बोलाव."

"काय सांगू?"

"खरं काय ते सांग."

रस्त्याच्या कडेला सोनाली गाडीला टेकून उभी होती. अर्ध्या रस्त्यावर भाताचा पिवळा थर पसरला होता आणि एक म्हातारी पायाने तो उलटापालटा करत होती. नवनाथ उतरला आणि सरळ बोलला. मध्ये थांबला असता तर त्याला बोलता आलं नसतं.

"पेडल ढकलतंय ते खरं हाय. चूक माझी. उजवा हब घासला नाय. आणि मला कळलं नाय, कारण माझा पाय बधिर हाय. तरी तुला नाय म्हणालो. खोटं बोललो."

सोनालीचा चेहरा लाल झाला. "काका, मी उद्या घाट उतरणार होते."

"व्हय," नवनाथ म्हणाला.

त्याने तिथेच जॅक लावला. चाक काढलं, डिस्क उतरवली. हबवर गंजाची खरखरीत कड होती. बोटाला ती लगेच लागली. बोटं अजून शाबूत होती. त्याने पॉलिश पेपरने घासलं, फडक्याने पुसलं, पुन्हा घासलं. डिस्क चढवून बोटाने कडेकडेने फिरवून पाहिली, मग चाक बसवलं. सोनाली सुरुवातीला पाठ करून उभी होती. नंतर तिने न सांगता नट वेचून त्याच्या हातात द्यायला सुरुवात केली.

काम झालं आणि सवयीने तो ड्रायव्हरच्या दाराशी गेला. दार उघडलं, तसाच उभा राहिला.

"मी मारते ट्रायल," सोनाली म्हणाली.

"नको. तुझा जीव हाय या गाडीवर. जराशी कसर असली तरी तू चालवून घेशील." तो वळला. "पारू, तू बस. चप्पल काढून."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काय लागलं तेवढं बोल. बाकीचं मी बघतो."

पारूने चपला रस्त्यावर काढल्या आणि आत बसली. येणारा-जाणारा टेंपो चिरडून जाईल म्हणून नवनाथने त्या उचलल्या, झटकल्या आणि मांडीवर घेऊन बाजूला बसला. पुढचा रस्ता मोकळा होता. पारूने वेग घेतला आणि ब्रेक दाबला.

"काय लागतं?"

"कायबी नाय. गुळगुळीत हाय."

"परत."

तिने पुन्हा दाबला. मग पुन्हा. दरवेळी त्याचाही उजवा पाय जागच्या जागी दाबला जात होता, आणि काय लागलं ते कळायला तो दरवेळी तिच्या तोंडाकडे बघत होता.