चार हातांच्या पोराची माफी

सेवेरिनचा आवाज म्हणजे मीठ न घातलेला उकडलेला बटाटा. आमच्या गावच्या सांस्कृतिक भवनात परदेशी पिक्चर लागला की पडद्यावरच्या सगळ्यांचं बोलणं तो एकटाच माइकवर पोलिशमध्ये वाचायचा, नवरी असो की राक्षस. वाचणाऱ्याने भावना दाखवायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. तो त्याने तीस वर्षं पाळला आणि घरीही तसाच बोलत राहिला. शेवटी बायको बोझेना कंटाळली. उद्या सकाळच्या गाडीने ती कायमची बहिणीकडे श्चेचिनला निघणार होती. सामान बांधून ती आज तिसऱ्या रांगेत येऊन बसली होती, नवऱ्याचा एक शेवटचा खेळ ऐकायला.

मी प्रोजेक्टर चालवते. पोस्टर बघूनच माझं डोकं उठलं होतं. चार हात फुटलेला शाळकरी पोरगा, डोळ्यांतून वीज सोडणारी त्याची मैत्रीण आणि शनी ग्रहावरून तपासणीला आलेले शिक्षणाधिकारी. लोकांनी शब्दकोडी आणली होती, विणकाम आणलं होतं. शिक्षणाधिकाऱ्यांनी अख्खी शाळा गिळली तरी कुणी मान वर केली नाही.

शेवटी मैत्रीण खिडकीतून अवकाशात निघाली. पोराने चारही हात पुढे करून तोंड उघडलं आणि सेवेरिन गप्प. झरोक्यातून पाहिलं तर त्याच्या हातातले भाषांतराचे कागद संपले होते. बोझेनाने कपाळावर हात मारला. सामान बांधताना टेबलावरच्या त्यातल्याच शेवटच्या कागदांत तिने चहाचे ग्लास गुंडाळले होते.

इंग्रजीतलं सेवेरिनला ओ की ठो कळत नाही. पण ओठ हलले की बोलायचं, ही सवय.

"बोझेना," चार हातांचा पोरगा त्या अळणी आवाजात म्हणाला, "तुझी आई गेली तेव्हा मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचो. तुला दिसू दिलं नाही, चुकलं माझं. जाऊ नकोस."

शब्दकोडी खाली आली. पिक्चरभर त्या मैत्रिणीचं नाव किम्बर्ली होतं, पण वाचणारा सांगतो तेच खरं, असं आम्ही लहानपणापासून मानत आलोय. पुढच्या रांगेतला खाटीक हुंदके देत होता. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

आता मैत्रिणीचे ओठ हलले. सेवेरिन तिसऱ्या रांगेकडे बघू लागला. तशी बोझेना उठली आणि त्याच्याइतक्याच सपाट आवाजात म्हणाली, "मग इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून का बसला होतास?"

पडद्यावरची मैत्रीण खिडकीतून परत आत आली. इतका चांगला पिक्चर आमच्या गावाने पाहिला नव्हता, असं जो तो म्हणू लागला. लोकांच्या हट्टापायी दर रविवारी तोच लावावा लागतोय. सेवेरिन दर वेळी काहीतरी नवीन कबूल करतो, आणि उत्तर द्यायला तिसऱ्या रांगेत बोझेना लागतेच.

ग्लास तिने पहिल्याच आठवड्यात सोडून फळीवर लावले. ते कागद मात्र सापडत नाहीत म्हणते.