आरमारवाले भावोजी

जॉर्जियातल्या आमच्या तालुक्यातून समुद्र गाठायचा तर मोटारीने अख्खा दिवस मोडायचा. तरी माझे भावोजी, एमेट थिगपेन, वीस वर्षं वॉशिंग्टनच्या सभागृहात एकच तुणतुणं वाजवत होते: आरमार वाढवा, जहाजं बांधा. स्वतः मात्र होडी जरा हलली की पोटातलं सगळं बाहेर. मला त्यांचं कौतुकही वाटायचं आणि हसूही यायचं.

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्यांची खुर्ची डळमळली. त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला क्लीव्ह पॅजेट गावोगाव सांगत सुटला, "अहो, हा माणूस मेथडिस्ट पंथाचा. तान्हेपणी डोक्यावर चार थेंब शिंपडले, झाला बाप्तिस्मा. याला पाण्यातलं काय कळतंय?"

तालुका जवळजवळ सगळा बाप्टिस्ट. त्यांच्यात जाणत्या माणसाला अख्खं बुडवून काढल्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही. टोमणा बरोबर लागला.

मतदानाआधीच्या शनिवारी गिरणीच्या तळ्याकाठी सगळ्या तालुक्याचा डुक्कर भाजायचा बेत होता. पॅजेटने मुद्दाम होडी आणून ठेवली. "बसा की, आरमारवाले."

"जाऊ नका हो," ताई म्हणाली. "आत्ताच जेवलात."

"नाही गेलो तर यापुढे रोज घरीच जेवायचंय," म्हणत भावोजी चढले.

होडी मध्यावर गेली, भावोजी हिरवे पडले, होडीच्या कडेवरून वाकले आणि गेले पाण्यात. पोहायच्या नावाने शंख. शेवटी ब्रदर हॉयट धावले. ते बाप्टिस्टांचे धर्मगुरू, पॅजेटचे खंदे पाठीराखे. कपड्यांसकट उतरून त्यांनी भावोजींची मानगूट धरली. याच तळ्यात त्यांनी निम्मा तालुका बुडवून काढला होता.

"एमेट, आलाच आहेस पाण्यात, तर उरकून टाकू का? सगळी मतं तुझी."

हो म्हणा ना भावोजी, काय बिघडतंय, असं मला अगदी मनापासून वाटलं.

भावोजी पाणी थुंकले. "नको, ब्रदर. आईने शिंपडून घेतलंय तेवढं पुरे. मला नुसतं बाहेर काढा."

पॅजेट खदाखदा हसला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता संपलंच सगळं, असं मीही धरून चालले.

ब्रदर हॉयटनी भावोजींना काठावर बसवलं, स्वतःची अंगाला चिकटलेली विजार पिळली आणि लोकांकडे वळले.

"नाकातोंडात पाणी गेलं तरी हा मतांसाठी खोटं बोलला नाही. माझं मत याला. स्वर्गात याला घेतील की नाही ते मला ठाऊक नाही, पण वॉशिंग्टनला जाऊ दे."